कर्झन-किचनर वादावर लिहिताय? या चुका टाळा

एमपीएससीच्या नोट्स असोत नाहीतर यूट्यूबवरची लेक्चर्स, एक चूक हमखास सापडते, ती म्हणजे बंगालच्या फाळणीमुळे व्हाइसरॉय कर्झनने राजीनामा दिला. असं अजिबात नाहीये! राजीनामा ऑगस्ट १९०५ चा, फाळणी अमलात आली १६ ऑक्टोबरला, आणि भांडण होतं लष्करावरच्या ताब्याचं.

दुसरी चूक म्हणजे दोन अहंकारी साहेबांची मारामारी म्हणून विषय गुंडाळणं. अहंकार होताच, पण मूळ मुद्दा बघा ना. व्हाइसरॉयच्या कौन्सिलमध्ये तेव्हा एक मिलिटरी मेंबर असायचा, तोही लष्करातलाच पण सरसेनापतीपेक्षा हुद्द्याने लहान, पुरवठा-वाहतूक त्याच्या खात्याकडे, आणि वर सरसेनापतीचे प्रस्ताव त्याचा शेरा लागूनच व्हाइसरॉयकडे जायचे. १९०२ ला सरसेनापती म्हणून आलेल्या किचनरला हे सहनच होईना, त्याला सगळं एका हातात हवं होतं. कर्झन म्हणायचा, हा माणूस काढला तर सरकारला लष्कराबद्दल दुसरं मत सांगणार कोण? बंगालचं पाप त्याच्या माथी आहेच, तरी या एका बाबतीत मला कर्झनचंच पटतं.

व्हाइसरॉय म्हणजे सर्वेसर्वा, असंही लिहू नका. किचनर सोडला तर अख्खं कौन्सिल कर्झनच्या बाजूने होतं, तरी लंडनमध्ये भारतमंत्री ब्रॉड्रिकने मिलिटरी मेंबरचे अधिकार काढून फक्त पुरवठा बघणारा सदस्य ठेवला, त्या जागेसाठी कर्झनने सुचवलेलं बॅरो या लष्करी अधिकाऱ्याचं नावही नाकारलं, मग राजीनामा. १९०९ मध्ये ते पुरवठा खातंही गेलं.

अजून एक, १८९५ पर्यंत बंगाल, मद्रास आणि मुंबईची सैन्यं वेगवेगळी होती, त्यामुळे त्याआधीच्या काळाला ही रचना चिकटवू नका.

सगळ्यात मोठी चूक मात्र १९०५ ला गोष्ट संपवायची. पुढे पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात (आजच्या इराकमध्ये) गेली ती ६ वी पुणे डिव्हिजन, तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी, म्हणजे आपल्याच गावागावातली पोरं. बोटी अपुऱ्या, डॉक्टर अपुरे, जखमींचे भयंकर हाल, आणि तिथल्या कुत शहराला तुर्कांनी घातलेल्या वेढ्यात उपासमार होऊन २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, त्यानंतर कैदेत कितीतरी जण मेले. या मोहिमेची चौकशी करणाऱ्या १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशनने जी कारणं दाखवली त्यात सरसेनापती आणि मिलिटरी मेंबर या दोघांचं काम एकाच माणसावर टाकलं हेही होतं.