रक्ताची पिशवी देताना आणि घेताना

रुग्णाला रक्त चढवावे लागेल असे डॉक्टरांनी सांगितले की नातेवाइकांची सारी धावपळ रक्तगट जुळवण्यासाठी होते. मात्र जुळलेल्या गटाच्या रक्तातूनही आजार येऊ शकतो, हे त्या घाईत मागे पडते. आपल्याकडे दान केलेल्या प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया यांसाठी तपासणी करणे कायद्याने बंधनकारक आहे. तरीही संसर्ग झाल्यापासून तो चाचणीत दिसेपर्यंत काही दिवस जातात आणि या 'विंडो पिरियड'मधले रक्त तपासणीत निर्दोष ठरूनही रुग्णाला बाधा करू शकते. विषाणूचा थेट शोध घेणारी नॅट चाचणी हा काळ कमी करते, पण पुरता संपवत नाही. ती सगळ्याच रक्तपेढ्यांत होत नाही, तेव्हा नॅट झाली आहे का, हे जरूर विचारावे.

म्हणूनच माझ्या मते खरी सुरक्षितता दात्याच्या खऱ्या उत्तरांत आहे. गणेशोत्सवात नाशिकच्या एखाद्या मंडळाच्या शिबिरात मित्रांसोबत रांगेत उभ्या असलेल्या तरुणाला गेल्या वर्षभरात गोंदवले आहे का, कावीळ झाली होती का, असुरक्षित संबंध आला आहे का, असे चारचौघांत विचारले, तर तो संकोचाने सरसकट 'नाही' म्हणेल. यासाठी आयोजकांनी डॉक्टरांचे टेबल रांगेपासून दूर, पडद्याआड मांडावे. दात्याने शंका असल्यास त्या दिवशी रक्त देऊ नये. एचआयव्हीची तपासणी करून घेण्यासाठी तर रक्तदान कधीच करू नये, कारण ती सरकारी रुग्णालयातील समुपदेशन केंद्रात मोफत आणि गोपनीय होते. पैसे घेऊन रक्त देण्यावर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानुसार १९९८ पासून बंदी आहे. रुग्णालयाच्या दारात 'डोनर मिळवून देतो' म्हणणाऱ्यापासून दूर राहावे.

पिशवी हातात पडल्यावर तिच्यावरचा क्रमांक, रक्तगट, मुदत आणि तपासण्यांची नोंद वाचून घ्यावी. लाल पेशींची पिशवी थंड पेटीतूनच न्यावी, पण तिला बर्फ थेट लागू देऊ नये. द्वारका चौकात वाहतूक अडली म्हणून ती स्कूटरच्या डिकीत तापत ठेवणे धोक्याचे असते, आणि वॉर्डात पोहोचल्यावर ती गरम पाण्यात बुडवणे त्याहून वाईट. प्लेटलेट मात्र २० ते २४ अंशांवर, सतत हलवत ठेवाव्या लागतात; त्या तापमानात जिवाणू सहज वाढतात, म्हणून त्यांची मुदत जेमतेम ५ दिवसांची असते. त्या फ्रिजमध्ये ठेवू नयेत आणि आणल्यावर चढवायला उशीर करू नये.

रक्त सुरू करताना परिचारिका रुग्णाचे नाव व क्रमांक पिशवीशी ताडून पाहते की नाही, याकडे लक्ष द्यावे. पहिली १५ मिनिटे रुग्णाजवळून हलू नये. हुडहुडी, ताप, कंबरदुखी किंवा धाप दिसताच लगेच हाक मारावी. रक्त थांबवल्यावर ती पिशवी टाकून न देता रक्तपेढीकडे परत पाठवण्याचा आग्रह धरावा, कारण त्रास कशामुळे झाला हे शोधायला तीच लागते. एक पिशवी ४ तासांत संपायला हवी.

नाशिक जिल्ह्यातील सुरगाणा, पेठ भागातील सिकलसेल किंवा थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकारांच्या मुलांना वारंवार रक्त लागू शकते. अशा मुलांना हिपॅटायटिस बीची लस द्यावी, ठरावीक काळाने त्यांच्या तपासण्या कराव्यात आणि चढवलेल्या प्रत्येक पिशवीचा क्रमांक तारखेसह एका वहीत उतरवून ठेवावा. पुढे एखाद्या दात्यात संसर्ग आढळला, तर त्याचे रक्त कोणाला गेले हे त्या क्रमांकावरूनच शोधता येते.