आत शिरलात, पुढे काय? कमी उंचीच्या बॉक्सरने या चुका टाळाव्यात

माझी उंची पाच फूट तीन इंच. शाळेच्या रांगेत कायम पहिला, आणि रिंगमध्ये समोरच्याचं तोंड बघायला मान वर. पहिली दोन वर्षं मला एकच सल्ला मिळाला: "आत घूस," म्हणजे उंच माणसाच्या लांब हातांना चुकवून त्याच्या अगदी जवळ जा. मी घुसायचो आणि मार खाऊन बाहेर यायचो. घुसायच्या आधीच्या अर्ध्या सेकंदात आणि घुसल्यानंतरच्या अर्ध्या सेकंदात काय करायचं, हे कुणी सांगितलंच नाही. आता पोरांना शिकवतो तर तेच चित्र पुन्हा दिसतं.

स्पारिंग, म्हणजे जोडीदाराशी सरावाची लढत, संपलं की मी पोराला आधी आरशासमोर उभं करतो. मार कुठे लागलाय ते बघितलं की निम्मी चूक तिथेच कळते. नाक आणि कपाळ लाल झालंय, म्हणजे जॅबच्या, पुढच्या हाताच्या सरळ ठोशाच्या, टोकाशी रेंगाळतोय. हनुवटीच्या खाली लागलंय, म्हणजे कंबरेतून वाकतोय. कानशिलावर असेल तर बाहेर पडताना हात खाली टाकतोय. बरगड्या दुखतायत, म्हणजे कोपरं उघडी राहतायत. कुठेच लागलं नाही पण कंबर भरून आलीये असं कुणी म्हणालं, तर त्याला अजून चांगला अपरकट (खालून वर हनुवटीकडे येणारा ठोसा) मारणारा भेटलेला नाही एवढंच.

टोलनाक्यावर थांबणं

दोघांच्या मधे एक पट्टा असतो. तिथे उंच माणसाचा जॅब तुमच्या नाकापर्यंत पोचतो आणि तुमचा वीतभर कमी पडतो. आमच्याकडे त्याला टोलनाका म्हणतात, थांबलात की भरावे लागतात. एकदा खडूने आखून बघा. जोडीदाराला जॅब लांब करून उभं करा. त्याचा ग्लोव्ह तुमच्या नाकाला जेमतेम टेकतो तिथे तुमच्या पुढच्या पायाशी एक रेघ मारा. मग तुमचा जॅब त्याच्या छातीला लागेपर्यंत पुढे सरका आणि दुसरी रेघ मारा. या दोन रेघांच्या मधे उभं राहून विचार करायचा नाही. विचार पहिल्या रेघेच्या बाहेर, काम दुसऱ्या रेघेच्या आत.

मधला पट्टा ओलांडताना डोकं हलतं हवं आणि स्वतःचा जॅब पुढे हवा. "माझे हात आखूड, मी कशाला जॅब मारू?" हा प्रश्न प्रत्येक ठेंगण्या पोराने मला विचारलाय. चेहऱ्यावर नको मारूस, छातीच्या खळग्यावर मार. गुडघे वाकवून मारलेला तो जॅब लागला नाही तरी समोरच्याचा कोपर खाली खेचतो, आणि तेवढ्यात तुमचं पाऊल आत पडतं.

या पट्ट्याची किंमत माइक टायसनने मोजली ती ११ फेब्रुवारी १९९०ला, टोकियोत. टायसन ५ फूट १० इंच, हातांचा पल्ला ७१ इंच. समोरच्या बस्टर डग्लसचा पल्ला ८३ इंच. पल्ल्यातला फरक टायसनला नवा नव्हता. १९८६मध्ये विसाव्या वर्षी तेव्हाचा विजेता ट्रेव्हर बर्बिकला दुसऱ्याच फेरीत संपवणारा टायसन डोकं सतत हलवत आत यायचा. टोकियोत मात्र तो सरळ येत राहिला, एकेक ठोसा टाकत राहिला आणि जॅबच्या टोकाशी उभा राहिला. दहाव्या फेरीत डग्लसच्या अपरकटने त्याचं डोकं वर उचललं आणि पुढचे ठोसे येऊन आदळले.

कंबरेतून वाकणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. फेरी संपली की मी पोराला विचारतो, "समोरच्याच्या बुटाची लेस कुठल्या रंगाची होती?" सांगता आलं, तर चूक पक्की. लेस दिसतेय म्हणजे नजर खाली आहे, मान पुढे आहे, वजन बोटांवर गेलंय आणि हनुवटी अपरकटच्या वाटेवर लोंबतेय. तिथून ना ठोसा मारता येतो, ना पाय हलतात.

जो फ्रेझर हा वाकून लढणाऱ्यांचा दादा माणूस. ८ मार्च १९७१ला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याने पंधराव्या फेरीत डाव्या हुकने (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाने) मुहम्मद अलीला आडवा केला आणि सामना जिंकला. पुढे २२ जानेवारी १९७३ला किंग्स्टनमध्ये जॉर्ज फोरमनने त्याला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. फोरमन खांद्यांवर हात टेकवून त्याला मागे ढकलायचा आणि तो पुन्हा त्याच रेषेवर, त्याच झुलत्या तालात आत आला की खालून अपरकट. फ्रेझरसारख्याचं हे झालं, तर आपण कोण?

उपाय गुडघ्यात आहे. पाठ जवळजवळ सरळ, मांड्यांवर भार, नाक पुढच्या पायाच्या चवड्यापलीकडे जायचं नाही. आपल्याकडच्या बैठका याला उत्तम. पण शंभर भरभर मारण्यापेक्षा तीस सावकाश, खाली दोन क्षण थांबून आणि नजर समोरच्या भिंतीवरच्या खुणेवर ठेवून मारा. मग दोरीचा सराव. रिंगच्या आरपार एक दोरी खांद्याच्या उंचीला बांधा आणि तिच्या खालून एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे असं पुढे सरकत जा. इथे नवशिके डोकं आधी नेतात आणि पाय मागून आणतात. दोन्ही एकदम पोचले पाहिजेत. डोकं उजवीकडे गेलं तर वजन उजव्या मांडीवर आलंच पाहिजे, तरच तिथून उजवा हात निघेल. डावीकडे गेलं तर डावा हुक तयार. वजन आलं की नाही हे कसं ओळखायचं? थांबा आणि दुसरा पाय जरासा उचलून बघा. सहज उचलला गेला तर ठीक.

एक गोष्ट नियमांची. हौशी बॉक्सिंगमध्ये कमरेच्या पट्ट्याखाली डोकं नेणं फाउल आहे, आणि डोकं लागलं तर ताकीद वेगळी. मोठ्या पुरुषांच्या गटात २०१३पासून हेडगार्ड नाही. खाली मान घालून धडकलात तर भुवई दोघांपैकी कुणाचीही फुटू शकते.

देवळातल्या घंटेसारखं डोकं

डावीकडे, उजवीकडे, डावीकडे, उजवीकडे. हलतंय खरं, पण समोरच्याने दोन हेलकावे नुसते बघितले तरी तिसऱ्यांदा डोकं कुठे असेल ते त्याला कळतं. ताल मोडा. एकाच बाजूला दोनदा जा, मधेच थांबा, कधी नुसता खांदा हलवून डोकं जागेवर ठेवा. आणि प्रत्येक वेळी मधल्या रेषेवर परत येण्याचा हट्ट सोडा. ठोसा हुकवून जिथे पोचलात तिथूनच मारा.

टायसनचे गुरू कस दामातो यांच्या व्यायामशाळेत डोकं चुकवायच्या सरावासाठी लटकवलेली छोटी स्लिप बॅग वापरत. आपल्याला जाड मोज्यात वाळू भरून, गाठ मारून, सुतळीने हनुवटीच्या उंचीला टांगली तरी चालतं. फक्त ती सरळ पुढेमागे झुलवू नका, नाहीतर घंटेचाच सराव व्हायचा. तिरकी ढकला, मधेच हाताने अडवा आणि वेगळ्या दिशेने सोडा.

मागचा पाय मागेच राहणं

ठोसा मारल्यावर समोरच्याच्या छातीवर पडायला होतं का? मग मागचा पाय मागे राहिलाय. उंच माणसापर्यंत पोचायच्या घाईत पुढचं पाऊल ढांगेएवढं पडतं, दोन पायांत अंतर वाढतं आणि मग ना पुढे जाता येतं, ना बाजूला. पुढचा पाय सहा इंच गेला तर मागच्यानेही लगेच सहा इंच यायचं, मग पुन्हा सहा. आत जाणं हे दोन-तीन छोट्या पावलांचं काम आहे, एका उडीचं नाही.

रॉकी मार्सियानो हेवीवेटमध्ये ठेंगणाच, ५ फूट १० इंचांच्या आसपास. त्याचे प्रशिक्षक चार्ली गोल्डमन यांनी त्याला ताठ उभं करायच्या भानगडीत न पडता आणखी खाली बसवून लढायला शिकवलं. पाय फाकतात म्हणून ते त्याच्या पायांत दोरी बांधून सराव करून घ्यायचे, असं बॉक्सिंगवाले सांगतात. मार्सियानो ४९ सामने खेळला आणि ४९ जिंकून निवृत्त झाला. दोरीचा उपाय मी पोरांवर करतो. दोन घोट्यांत खांद्यांच्या रुंदीपेक्षा थोडी जास्त लांब सुती दोरी, आणि फक्त सावलीशी बॉक्सिंग, म्हणजे समोर कुणी नसताना हवेत ठोसे, तेही हळू. स्पारिंगमध्ये अजिबात नाही, तोंडावर आपटाल.

आत पोचून हाशहुश्श करणं

हे माझं स्वतःचं दुखणं होतं. एवढी मारामार करून आत पोचायचो आणि ग्लोव्ह तोंडावर घट्ट दाबून उभा राहायचो, जणू घरी आलो. दोन्ही हातांनी तोंड झाकून नुसतं उभं राहणं हा बचाव नाही. पंच गुण देत नाहीत, उलट रेफरी ताकीद देऊ शकतो. शिवाय ग्लोव्ह डोळ्यांवर असल्यावर समोरच्याचे हात दिसत नाहीत. ग्लोव्ह गालफडांना टेकलेले, कोपरं बरगड्यांना, आणि मधून बघायला फट हवीच.

कपाळ समोरच्याच्या छातीच्या वरच्या भागाला, गळपट्टीच्या हाडाच्या जरा खाली टेकवा. डोक्याने ढकलायचं नाही, नुसतं टेकायचं. उंच माणसाचा अपरकट यायला दोघांच्या मधे जागा लागते. ती जागाच ठेवू नका. एक ग्लोव्ह त्याच्या दंडावर, कोपराच्या वरच्या बाजूला ठेवला की तो हात निघायच्या आधीच तुम्हाला कळतो. दुसरा हात मोकळा ठेवा आणि तो पोटावर चालवा.

तालमीतून येणाऱ्या पोरांना हे डोकं टेकवणं पटकन जमतं. त्यांची मान आणि पाय दोन्ही तयार असतात. पण हात आपोआप समोरच्याच्या मानेमागे किंवा काखेत जातात, आणि दर दहा सेकंदांनी रेफरीचं "ब्रेक", म्हणजे सुटे व्हा, ऐकू येतं. त्यांना मी पहिले पंधरा दिवस मुठीत टेनिसचा चेंडू धरायला लावतो. चेंडू पडला की दहा बैठका.

श्वास रोखू नका. जवळच्या अंतरावर प्रत्येक ठोशाला, मारलेल्याही आणि खाल्लेल्याही, नाकातून छोटा फुत्कार सोडायचा. श्वास कोंडला की तिसऱ्या फेरीत हात शिशाचे होतात.

वजनगट बदलून सुटका शोधणं

ठेंगणा बॉक्सर आपल्या वजनगटात बहुधा रुंद आणि दणकट असतो, तेच त्याचं भांडवल. उगाच वरच्या गटात गेलात तर आणखी उंच माणसं भेटतील. मेरी कोमला आपल्याच गटात राहायचा पर्याय नव्हता. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ५१, ६० आणि ७५ असे तीनच गट होते, म्हणून ४८ किलोची ही बाई ५१मध्ये उतरली आणि तरी कांस्य घेऊन आली. तुमच्यापुढे गट असतील तर आपला धरा.

सरळ मागे निघणं

ठोसे लागले, पोरगं खूश, आणि हात खाली टाकून आल्या वाटेने मागे. तो टोलनाका परत लागतो हे विसरतं. बाहेर पडायची वाट बाजूने असते. उजव्या हाताने लढणाऱ्यासाठी सोपी युक्ती: शेवटचा ठोसा डावा हुक ठेवा. त्या हुकबरोबरच डाव्या चवड्यावर फिरा आणि उजवा पाय मागून डावीकडे झाडूसारखा फिरवून आणा. पूर्ण काटकोन लागत नाही, निम्मा पुरतो. समोरच्याला तुमच्याकडे वळायला एक पाऊल टाकावं लागतं, तेवढ्यात तुम्ही मारू शकता किंवा निघू शकता. डावखुऱ्यांनी सगळं उलट करायचं. दोन्ही हात वरच, निदान दोन पावलं.

अमित पंघालचे सामने यासाठी पाहा. ठेंगणा, डावखुरा. २०१८च्या जकार्ता एशियाडमध्ये त्याने ४९ किलोच्या अंतिम सामन्यात रिओ ऑलिंपिकचा सुवर्णविजेता हसनबॉय दुस्मातोव्हला हरवलं. बघताना त्याच्या हातांकडे बघू नका, ते सगळेच बघतात. प्रत्येक चढाईनंतर त्याचे पाय कुठे पडतात ते बघा, हवं तर कागदावर टिंबं काढा.

आणि "ब्रेक"नंतरचं पाऊल. नियमाने दोघांनी एक पाऊल मागे यायचं असतं. बहुतेक जण अर्धं पाऊल येतात आणि नेमके टोलनाक्यावर उभे राहून पुढच्या आदेशाची वाट बघतात. एका जिल्हा स्पर्धेत मी तसाच उभा होतो, ग्लोव्हने नाक पुसत. "बॉक्स" हा शब्द ऐकला आणि त्याच्या शेवटच्या अक्षराबरोबर जॅब आला. तेव्हापासून ब्रेक मिळाला की मी एक पाऊल पूर्ण मागे जातो, वर अर्धं डावीकडे, आणि नाक पुसायचं कॉर्नरवर ठेवतो.