भंगारातून आणलेलं इंजिन: उघडायचं कसं, बांधायचं कसं

‘काढलं तेव्हा चालू होतं’ एवढ्या शब्दावर मी मारुती ८००चं इंजिन भंगारातून उचललं. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, शिकायला बरं. पावती मात्र मागून घ्या, कारण इंजिन बदललं की नवा नंबर आरटीओत आरसीवर चढवावा लागतो.

घरी आणल्या आणल्या स्टार्टर मारू नका. सिलिंडरमध्ये पाणी साचलेलं असेल तर पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी तिन्ही स्पार्क प्लग काढा, क्रँकच्या पुलीला पाना लावून हातानं फिरवून बघा. जाम असेल तर प्लगच्या भोकांतून थोडं डिझेल सोडून रात्रभर राहू द्या. पान्याला पाइप अडकवून जोर करायचा नाही. मग चेंबरचा, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचा नट सोडून ऑइल डब्यात घ्या. माझं निघालं ते दूध जास्त झालेल्या चहासारखं. म्हणजे ऑइलमध्ये पाणी, बहुधा हेड गॅस्केट, म्हणजे वरचं हेड आणि खालचा सिलिंडरांचा ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग, गेलेलं.

इथं बरेच जण नवं गॅस्केट टाकून मोकळे होतात आणि महिन्याभरात परत तेच. गॅस्केट कशामुळं गेलं, ते बघा. हेड उतरवून मी ब्लॉकमधल्या पाण्याच्या वाटा स्क्रू-ड्रायव्हरनं खरवडल्या, तर गिझरच्या कॉइलवर धरतो तसा पांढरा क्षार पापुद्र्यांनी निघाला. आपल्याकडं रेडिएटरात बोअरचंच पाणी जातं. २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथं गाडीला डिस्टिल्ड पाणी कोण घालणार? वाट बुजली की इंजिन तापतं, अल्युमिनियमचं हेड वाकतं, गॅस्केट जळतं. म्हणून क्षार पूर्ण काढा, रेडिएटरही साफ करून घ्या. हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरपी ठेवून बघा, खालून ०.०५ मिमीची फिलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) गेली तर फेसिंग, म्हणजे मशिनवर हेड सपाट करणं, करावंच लागतं.

पिस्टन काढण्याआधी रॉड आणि त्यांच्या टोप्यांवर पंचनं खुणा करा, अदलाबदल चालत नाही. सिलिंडरचा बोअर, म्हणजे आतला व्यास, मुळात ६८.५ मिमी. वर, खाली, दोन्ही दिशांनी मापा. झिजलेलं असेल तर आधी ओव्हरसाइज पिस्टन आणा आणि ते हातात देऊनच लेथवाल्याकडून बोअरिंग करून घ्या. नवी पिस्टन रिंग नुसती सिलिंडरच्या बोअरमध्ये घालून, पिस्टननं सरळ ढकलून तिच्या तोंडाची फट मोजा. फट कमी पडली तर तापल्यावर तोंडं भिडतात आणि रिंग तुटते.

जोडताना बेअरिंगना ऑइल लावा. हेडचे बोल्ट मधून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानंच (आवळायचा जोर मोजणारा पाना) आवळा. मिस्त्री कितीही जुना असो, हाताच्या अंदाजावर सोडू नका.

शेवटी प्लग न लावता ऑइलचा लाल दिवा विझेपर्यंत स्टार्टर फिरवा, थांबत थांबत. मग प्लग, आणि रेडिएटरमध्ये कूलंट व डिस्टिल्ड पाणी. मी ते ओतत होतो तेव्हा शेजारचे काका मदत म्हणून बोअरच्या पाण्याची कळशी घेऊन आले. ती लिंबाच्या बुडाशी ओतली.