जवळ आलं की ‘तेच’ हवं असतं का? नवरा-बायकोनं या चुका टाळा

दिवसभर वावरात कापूस वेचून बाई घरी येते, स्वयंपाक, भांडी, पोरांचं सगळं उरकते आणि अंथरुणाला पाठ टेकते. तेवढ्यात नवऱ्याचा हात खांद्यावर येतो नि ती अंग चोरते. त्याला वाटतं, हिचं मन उडालं. पण दिवसभरात एरवी तो हात कधी लागलेलाच नसतो. लागला की पुढं काय, हे तिला ठाऊक असतं आणि आज तेवढं त्राण नसतं. मग ती हातच टाळते.

हात लावला म्हणजे शेवटपर्यंत जायचंच

सगळ्यात मोठी चूक हीच. अमेरिकेतले लैंगिक विषयांचे संशोधक विल्यम मास्टर्स आणि व्हर्जिनिया जॉन्सन यांनी १९७० च्या सुमारास यावर मांडलेला उपाय समुपदेशक आजही सुचवतात: काही दिवस दोघांच्या संमतीनं संभोग चक्क बंद. फक्त स्पर्श. सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं सोडून बाकीचं अंग. एकानं सावकाश हात फिरवायचा, दुसऱ्यानं कुठं बरं वाटतं, कुठं नको, ते सांगायचं. मग पाळी बदलायची.

कुठून सुरू करावं कळत नसेल तर बोटांपासून करा. वेचणीच्या दिवसांत बोंडाच्या वाळक्या टोकांनी नखांच्या कडा ओरबाडलेल्या असतात. कोमट खोबरेल घेऊन एकेक बोट चोळून द्या, मग तळवा, मग मनगट. घाई नको. नवऱ्याच्या पाठीवर फवारणी पंपाच्या पट्ट्याचे वळ असतात, तिथं तिचा हात फिरू द्या. पुरुषांनाही नुसतं कुरवाळून घ्यायला आवडतं, बोलून कोणी दाखवत नाही एवढंच.

आधी स्पष्ट सांगावं, “आज नुसती जवळ बस, दुसरं काई नाई.” आणि शब्द पाळावा. दहा मिनिटांनी “आता होऊनच जाऊ दे” म्हटलं की गाडी पुन्हा पहिल्या ठिकाणी. ठरवलेल्या दिवसांत दोघांनाही इच्छा झाली, तरी थांबून पाहा. आणि लग्न झालंय म्हणून तिचं ‘नाही’ हे ‘हो’ होत नाही.

मध्येच ताठरता गेली म्हणून घाबरणं

निवांत जवळ असताना ताठरता येते, जाते, परत येते. बायकोकडे पाहण्याऐवजी माणूस स्वतःलाच तपासत बसला की काळजीनं ताठरता आणखी जाते. बायकोनंही “काहून, काय झालं?” असं लगेच विचारू नये. मात्र महिनोन्‌महिने अडचण असेल आणि सकाळची ताठरताही बंद झाली असेल, तर शुगर आणि बीपी तपासून घ्या. मधुमेहाची खूण कधीकधी इथंच आधी दिसते.

वीर्य आणि गर्भाचे गैरसमज

वीर्यपात न करता निवांत बिलगून राहणं काही जोडप्यांना आवडतं. त्यात अपाय नाही. पण वीर्य राखल्यानं ताकद साठते, हे खोटं. गेल्यानं अशक्तपणा येतो, हेही खोटं. र. धों. कर्वे १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिकातून लैंगिक अज्ञानाशी झुंजले, तरी स्टँडच्या भिंतीवरची ‘मर्दाना ताकद’ काही पुसली गेली नाही! वीर्यपात झाला नाही म्हणून गर्भ राहणार नाही, असंही धरू नका. मूल नको असेल तर निरोध किंवा दुसरं साधन लागतंच, आशाताईंकडे विचारा. लॅटेक्सच्या निरोधासोबत खोबरेल मात्र चालत नाही, तेलानं तो फाटतो.

फवारणीच्या अंगानं जवळ जाणं

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून किती शेतकरी-मजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. औषध कातडीतूनही अंगात जातं. त्या दिवशी आधी साबणानं आंघोळ, कपडे वेगळे भिजवायचे, मगच बायकोजवळ, लेकराजवळ. दारू पिऊन तर नकोच. दारूनं ताठरता मंदावते आणि बायकोला वासानंच नकोसं होतं.

रात्रीचीच वाट पाहणं

हरभऱ्याला पाणी द्यायला रात्रीची लाईन, नाहीतर रानडुकरांसाठी जागल. त्यात घरी एकच खोली, पार्टिशनपलीकडे सासू-सासरे. रात्रच पाहिजे म्हणाल तर महिना निघून जाईल. पोरं शाळेत, म्हातारी मंडळी देवळात, अशी दुपारची घटका धरा. बाज करकरते म्हणून जीव मुठीत धरण्यापेक्षा खाली चटई टाका. उन्हाळ्यात कुलरसमोर सगळं घर एकत्र झोपतं, तेव्हा धुऱ्यावरच्या निंबाखाली भाकर खाताना पाच मिनिटं जास्त बसा, फक्त कर्जाचा आणि सोसायटीचा विषय तेवढा काढू नका.

संभोगाच्या वेळी तिला दुखत असेल तर तिथंच थांबा. बाळंतपणानंतर अंगावर पाजताना किंवा पाळी जायच्या वयात कोरडेपणा येतो. दुखणं टिकलं तर डॉक्टर बाईंना दाखवा, आणि सोबत नवऱ्यानं जावं.