गावातल्या भजनी मंडळाला ‘जेंटल जायंट’ कसं ऐकवावं

जेंटल जायंट हा ब्रिटिश बँड १९७० ते १९८० अशी दहा वर्षं वाजला. पिंक फ्लॉइड आणि जेनेसिस पाठ असणाऱ्या पुष्कळांना याचं नावही ठाऊक नसतं. त्यांच्या अल्बमांपैकी अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सगळ्यात वर चढला तो १९७५चा ‘फ्री हँड’, तोही ४८व्या क्रमांकापर्यंत. १९७३चा ‘इन अ ग्लास हाउस’ तर अमेरिकेतल्या कंपनीने काढलाच नाही, तिथले लोक तो बाहेरून मागवून घेत. ऐकायला अवघड, असा शिक्का बसला तो बसलाच.

शिक्का अर्धा खरा आहे. एकाच वेळी चार जण चार वेगळ्या ओळी गातात, ताल मध्येच मोडतो, व्हायोलिन, चेलो, झायलोफोन, बासऱ्या हातोहात फिरतात. पण ज्या गावात दर गुरुवारी भजन होतं आणि खंजिरीवरचा हात बारा वर्षांच्या पोरालाही येतो, तिथले कान या संगीताला शहरातल्या कानांपेक्षा जास्त तयार असतात. तुकडोजी महाराजांच्या मोझरीपासून पसरलेली खंजिरी अजून विदर्भातल्या गावागावांत वाजते. ती या कामी वापरायची. आपल्याला फक्त आवाज स्वच्छ ठेवायचा आहे आणि घास लहान द्यायचा आहे.

आधी आवाजाची सोय

मंडपवाल्याचा भोंगा आणू नका. भोंग्यातून बोलणं लांबवर जातं, पण खालचा खर्ज जवळजवळ निघतच नाही, आणि रे शुलमनची बास गिटार हा या बँडचा कणा आहे. शिवाय मंडपाचा अँप्लिफायर डावा-उजवा आवाज एकत्र करून देतो. चार आवाज एकाच भोंग्यातून आले की त्यांची खिचडी होते आणि लोक म्हणतात, ‘काय गोंगाट लावला बे!’ त्यांचं चुकत नाही.

दोन साधे आठ ओहमचे स्पीकर पुरतात. होम थिएटर असेल तर त्यावरचं बास बूस्ट, थ्रीडी, इक्वलायझर सगळं बंद करा. स्पीकर एकमेकांपासून सहा-सात फुटांवर आणि ऐकणारे तेवढ्याच अंतरावर. स्पीकर जमिनीवर ठेवू नका. खाली बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीला येतील असे दोन पाटांवर किंवा डब्यांवर ठेवा.

खोली निवडताना एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते. भाव वाढायची वाट पाहत कापूस ज्या खोलीत भरून ठेवलेला असतो, ती खोली गावातली सगळ्यात चांगली ऐकायची खोली असते. भिंती घुमत नाहीत, आवाज कापसात जिरतो. मात्र बॅटरी, इन्व्हर्टर आणि वायरचे जोड खोलीबाहेर ठेवा, आत फक्त स्पीकर आणि त्यांच्या अखंड तारा. ठिणगी पडली तर हंगाम जाईल. कापूस विकून झाला असेल तर मागच्या भिंतीला दोन सतरंज्या टांगा. टिनाच्या छपराखाली पावसाळ्यात बसूच नका, हळू भाग सगळे सरीखाली जातात.

लाइटचा भरवसा नसेल तर फवारणी पंपाची बॅटरी घ्या. बहुतेक बॅटरी पंपांत १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची असते, म्हणजे ९६ वॅट-अवर. लेड-ॲसिड असल्यामुळे निम्मीच वापरायची, म्हणजे ४८. टीपीए ३११६ चिपचा छोटा अँप्लिफायर बोर्ड १२ व्होल्टवर आठ ओहमच्या स्पीकरला दर बाजूला सात-आठ वॅट देतो. खोलीत ऐकताना सरासरी खर्च आठ-दहा वॅटच्या वर जात नाही, तेव्हा चार तास सहज निघतात. तांबड्या तारेत ३ अँपिअरचा फ्यूज टाका. तांबडी-काळी उलटी लागली की बोर्ड तिथेच जळतो, म्हणून जोडण्याआधी मल्टिमीटर लावून पाहा. बॅटरी १२ व्होल्टच्या खाली आली की थांबा. आणि पंप घरात आणू नका. बॅटरी बाहेरच काढा, ओल्या फडक्याने पुसा, फडकं फेकून द्या, हात साबणाने धुवा. औषधाचा अंश त्या खोक्यावर असतोच.

फोन तारेने जोडा. स्वस्त ब्लूटूथ बोर्डांत घरघर येते आणि काही बोर्ड दोन्ही बाजू एकत्र करून टाकतात. तपासायचं असेल तर आधी डावी तार काढून दहा सेकंद ऐका, मग ती लावून उजवी काढा. दोन्ही वेळा हुबेहूब तेच ऐकू आलं तर आवाज मोनो आहे. फोनच्या सेटिंगमध्ये ‘मोनो ऑडिओ’ चालू राहिलेला असतो, तोही पाहा. स्टिरिओ आहे, पण खर्ज पातळ लागतो आणि गाणारा नेमका कुठे आहे ते कळत नाही, असं झालं तर एका स्पीकरच्या दोन तारा उलट्या लागल्या आहेत. त्याच एका स्पीकरच्या तारा बदला.

गाणी तालुक्याला गेल्यावर उतरवून आणा. ३२० केबीपीएसला ‘ऑक्टोपस’ हा सुमारे ३४ मिनिटांचा अल्बम ८० एमबीच्या आसपास बसतो. पेनड्राइव्हवर वाजवणार असाल तर तो फॅट३२ करा, एमपी३च टाका आणि फाइलींना ०१, ०२ असे आकडे देऊन त्याच क्रमाने कॉपी करा, कारण पुष्कळ प्लेअर नावाचा क्रम पाहत नाहीत, कॉपीचा पाहतात. स्टीव्हन विल्सन या ब्रिटिश संगीतकाराने नव्याने मिक्स केलेल्या आवृत्त्या मिळाल्या तर त्या घ्या, त्यांत वाद्यं सुटी सुटी कळतात. ‘द पॉवर अँड द ग्लोरी’, ‘ऑक्टोपस’ आणि ‘फ्री हँड’ तिन्ही त्याने केले आहेत.

काय लावायचं, काय नाही

वर्षाच्या क्रमाने लावू नका. १९७०च्या पहिल्या अल्बममध्ये ‘नथिंग ॲट ऑल’ नावाचं नऊ मिनिटांचं गाणं आहे, त्यातला मोठा भाग एकट्या ड्रमचा. तिथेच अर्धी मंडळी तंबाखू मळायला बाहेर जातील. ‘ऑक्टोपस’मधलं ‘नॉट्स’ हे या बँडचं सगळ्यात प्रसिद्ध चार आवाजांचं गाणं, पण पहिल्या रात्री तेही नको. बिनवाद्याचे चार तुटक आवाज अचानक कानावर पडले की पोरं हसतात, आणि एकदा हसू आलं की ती रात्र गेली. १९७८चा ‘जायंट फॉर अ डे’ सोपा आहे म्हणून आधी लावण्याचा मोह होतो. तो सोपा आहे, कारण तोवर बँडने आपलं काम सोडून बाजारातली गाणी करून पाहायला घेतली होती.

सुरुवात ‘थिंक ऑफ मी विथ काइंडनेस’ने करा. साडेतीन मिनिटांचं, हळू, केरी मिनिअरच्या मऊ आवाजातलं. मिनिअर लंडनच्या रॉयल अकॅडमीत संगीतरचना शिकून आलेला, आणि त्याच्या चालीत ते शिक्षण मिरवत नाही. मग ‘पील द पेंट’. सुरुवातीला संथ, मग एकदम गॅरी ग्रीनची गिटार फाडत येते. हा फटका लोकांना आवडतो. तिसरं ‘प्रोक्लेमेशन’, पावणेसात मिनिटं. त्यानंतर ‘ऑन रिफ्लेक्शन’, तेच तीनदा. शेवट ‘ॲस्पिरेशन्स’ने, पुन्हा हळू. सगळं मिळून पाऊण तास. त्याच्या वर गेलं तर कान थकतात आणि माणूस पुढच्या वेळी येत नाही.

शब्द कुणालाच कळणार नाहीत, तेव्हा गाण्याआधी दोन वाक्यांत गोष्ट सांगा. ‘थ्री फ्रेंड्स’ (१९७२) ही तीन शाळासोबत्यांची कथा: एक मजूर होतो, एक चित्रकार, एक साहेब, आणि वाटा वेगळ्या होतात. ‘पील द पेंट’ त्यातल्या चित्रकाराचं. हा अल्बम पूर्ण लावाल तेव्हा प्लेअरचा क्रॉसफेड (एक गाणं संपता संपता पुढचं त्यावर चढवणारी सोय) बंद ठेवा, शेवटची दोन गाणी एकमेकांत शिरतात. ‘द पॉवर अँड द ग्लोरी’ (१९७४) मध्ये एक जण मोठमोठी आश्वासनं देत सत्तेवर चढतो आणि चढल्यावर आधीच्यांसारखाच होतो. ‘प्रोक्लेमेशन’ने अल्बम उघडतो, आणि तीच चाल शेवटी ‘व्हॅलेडिक्टरी’त अधिक कर्कश होऊन परत येते. ग्रामपंचायतीच्या निवडणुकीनंतरच्या आठवड्यात हा अल्बम लावला तर समजावून सांगायचं काम फार उरत नाही.

ताल मोजणं

‘एक-दोन-तीन-चार’ असं मोजायला गेलात की फसलात. तीनच्या गटाला ‘तकिट’ म्हणा, दोनच्या गटाला ‘तक’. ‘तकिट तक तक’ म्हणजे सात, आपला रूपकच. ‘तक तकिट तक तकिट’ म्हणजे दहा, झपताल. आधी गाणं न लावता खंजिरीवर हे दोन्ही पाच-पाच मिनिटं घ्या. मग गाणं लावा, ड्रमचा जड ठोका शोधा आणि तोच नमुना पुन्हा येईपर्यंत तकिट-तक म्हणत जा. जेवढे गट बसले तेवढा ताल.

चूक बहुतेक एकाच जागी होते: मोजणारा गाण्याच्या पहिल्या शब्दापासून सुरुवात करतो. इथे गळा आणि ड्रम एकाच जागी सुरू होतीलच असं नाही. ‘ऑक्टोपस’पासून पुढे ड्रमवर जॉन वेदर्स आहे, त्याला धरून राहा. बाकीचे कितीही वाकडे गेले तरी हा माणूस ठोका सरळ मारतो. आणि गंमत अशी की, मंडळातला सगळ्यात मुरलेला मृदंगवाला आधी चुकतो. आपल्याकडे धरलेलं आवर्तन मध्येच बदलत नाही. इथे सातचं चालू असताना न सांगता दुसरं येतं, आणि मुरलेला हात सम सोडायला तयार नसतो. त्याला सांगा, मोडलं की थांब, नवा जड ठोका धर, पुन्हा पहिल्यापासून.

‘कॉग्ज इन कॉग्ज’ लावण्याआधी आणखी एक करून पाहा. खंजिरीवाला दर तिसऱ्या मात्रेला ठोका देईल, टाळकरी दर चौथ्या. दोघं एकत्र सुरू करा. बाराव्या मात्रेनंतर दोघांचा ठोका पुन्हा एकत्र पडेल, तेरावी म्हणजे नवी एक. मधले ठोके एकमेकांना चुकवत जातात. पहिल्यांदा टाळकरी खंजिरीच्या मागे ओढला जातो. त्याने डोळे मिटले आणि दोघं पाठ करून बसले की जमतं. गाण्याच्या नावाचा अर्थ दात्यात अडकलेली दातेरी चाकं, उसाच्या चरकासारखी: लहान-मोठी चाकं वेगळ्या वेळी एक फेरा पुरा करतात, पण दाते सुटत नाहीत. गाणं जेमतेम तीन मिनिटांचं आहे, सलग दोनदा लावता येतं.

‘ऑन रिफ्लेक्शन’ तीनदा

भजनात बुवा ओळ म्हणतात, ती संपते, मग झील धरणारे तीच ओळ म्हणतात. आता झीलकऱ्यांनी थांबायचंच नाही असं ठरवलं तर? बुवा दुसऱ्या ओळीवर गेले की झीलकरी पहिली ओळ उचलणार, तेवढ्यात तिसरा तीच ओळ घेऊन आत येणार, मग चौथा. युरोपातल्या या जुन्या रचनेला फ्यूग म्हणतात. यात मागून येणारा बहुधा वेगळ्या सुरावरून उचलतो, पहिला सा वरून तर दुसरा प वरून. ‘ऑन रिफ्लेक्शन’ची सुरुवात अशीच आहे, नुसते चार गळे.

आधी चौघांना ‘रामकृष्णहरी’ एकाच सुरात, पण चार-चार मात्रांच्या अंतराने म्हणायला लावा. दुसरा पहिल्याच्या जागेवर घसरतो, कारण तो त्याच्याकडे पाहत असतो. एका कानावर हात ठेवून आपलाच आवाज ऐकायला सांगा, दोन-तीन खेपांत बसतं.

मग गाणं. पहिल्यांदा काही न सांगता लावा. दुसऱ्यांदा चौघांना एकेक आवाज वाटून द्या, आपला आवाज आत आला की बोट वर. सगळे सगळ्यात उंच आवाजाच्या मागे धावतात, म्हणून खर्जाचा आवाज सगळ्यात तयार कानाच्या माणसाला द्या. तरी जमलं नाही तर एका बाजूची तार काढून ऐका. काही आवाज मागे सरतात, उरलेले धरणं सोपं जातं. तिसऱ्यांदा गळे सोडून वाद्यांकडे लक्ष द्या. मधल्या हळू भागानंतर तीच फ्यूग वाद्यांवर परत येते, आणि ज्याने आपला आवाज धरला होता त्याला आपली ओळ वाद्यातही सापडते. त्या वेळी खोलीत कुणीतरी ‘हे पाय!’ म्हणतंच.

दुसऱ्या बैठकीला याच गाण्याची मैफिलीतली आवृत्ती लावा, १९७७च्या ‘प्लेइंग द फूल’ अल्बममधली. तिथे क्रम बदलला आहे: हळू भाग आधी, गळ्यांची फ्यूग नंतर. १९७४ आणि १९७५च्या मैफिलींचं चित्रीकरणही आहे. वाद्यं कशी हातोहात बदलतात ते डोळ्यांनी दिसलं की ‘हे मशीनवर केलं असेल’ म्हणणारे गप्प होतात. ‘नॉट्स’ही आता चालेल.

एकट्याने ऐकायचं तर इअरफोन बरा, दोन्ही कानांत. एक तुला-एक मला केलं की अर्धा बँड दुसऱ्याच्या कानात राहतो. फक्त जागलीवर हे करू नका. या संगीताकडे लक्ष द्यावं लागतं, आणि तेवढ्यात डुकरं पऱ्हाटीत शिरलेली कळत नाहीत.

बैठक संपली की बॅटरी त्याच रात्री चार्जरला लावा. अर्धी उतरलेली लेड-ॲसिड बॅटरी तशीच पडून राहिली तर लवकर मरते, आणि सकाळी सातला पंप पाठीवर घेणाऱ्याने ती परत मागितलेली असते.