अमेरिकेचा इतिहास करताना मंदी आणि युद्ध एकाच कागदावर कसं मांडायचं

वर्ल्ड हिस्ट्री म्हटलं की आपल्या नागपुरातल्या अभ्यासिकांमधली निम्मी पोट्टी अमेरिका शेवटी ठेवतात, आणि मग मेन्स (स्पर्धा परीक्षेची मुख्य लेखी परीक्षा) तोंडावर आली की ठोकळा उघडून मंदी वेगळी, महायुद्ध वेगळं, न्यू डीलच्या (मंदीवर रुझवेल्ट सरकारने आणलेल्या) योजनांची नावं वेगळी असा रट्टा मारतात. पेपरात "कारणे स्पष्ट करा" आलं की मग हात थांबतो, कारण मंदीचा परिणाम युद्धाच्या धड्यात असतो आणि युद्धाचं बिल मंदीच्या धड्यात. मी ज्युनिअर्सना जे करायला लावतो ते इथे लिहितोय, करून बघा.

सीताबर्डीतून एक मोठा कार्डशीट आणा आणि मधोमध उभी रेघ मारा. रेघेवर वर्षं, डावीकडे पैसा (बाजार, बँका, शेतीचे भाव, बेकारी), उजवीकडे देशाबाहेरचं भांडण. पेन्सिलनेच लिहा, कारण खोडावं लागणार. मग दोन्ही बाजू बाणांनी जोडायच्या. कोणी कोणता निर्णय कशामुळे घेतला हे एका वाक्यात सांगता येत असेल तरच पक्का बाण, नुसता अंदाज असेल तर तुटक.

सुरुवात आपल्या मातीपासून करा म्हणजे भीती जाते. 1861 ते 65 त्यांचं यादवी युद्ध चाललं, उत्तरेच्या नौदलाने दक्षिणेची बंदरं अडवली, इंग्लंडमधल्या लँकेशायरच्या गिरण्यांना तिथून येणारा कापूस बंद झाला आणि इकडे वऱ्हाड-हिंगणघाटच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. 1865 ला युद्ध संपलं, भाव कोसळले, मुंबईचा शेअरबाजारही त्यात बुडाला. लढाई तिकडची आणि नुकसान इकडचं, हा तुमचा पहिला पक्का बाण.

पुढे 1893 ची मंदी, रेल्वे कंपन्या आणि बँका बुडाल्या, आणि 1898 ला स्पेनशी युद्ध होऊन फिलिपिन्स, पोर्तो रिको, ग्वाम हातात आले. इथे खूप जण घाईने पक्का बाण मारतात की मालाला बाजार पाहिजे होता म्हणून युद्ध केलं. बाजाराची भूक होतीच, पण क्युबात 1895 पासून बंड चालू होतं, वर्तमानपत्रांनी वातावरण तापवलं होतं आणि फेब्रुवारी 1898 मध्ये हवानाच्या बंदरात मेन जहाजाचा स्फोट झाला. म्हणून तुटक बाण. पहिल्या महायुद्धाला दोन-चार ओळी पुरतात: 1917 ला उतरले, युरोप कर्जात गेला आणि अमेरिका सावकार झाली. ही सावकारी मात्र अधोरेखित करा.

आता 1929 ते 1945, म्हणजे महामंदी आणि दुसरं महायुद्ध, अर्धा कागद यालाच द्या. डाऊ जोन्स (तिकडच्या शेअरबाजाराचा निर्देशांक) सप्टेंबर 1929 ला 381 होता, जुलै 1932 ला 41, आणि जुना आकडा परत दिसायला 1954 उजाडलं. 1933 ला चारातला एक कामगार बेकार. पण आपण विदर्भातले, तर कापूस बघा ना भाऊ, पाऊंडमागे सोळा-सतरा सेंटचा भाव सहाच्या आसपास आला. 1933 ला सरकारने शेतकऱ्यांना पैसे देऊन जवळपास 1 कोटी एकरावरचा उभा कापूस नांगरायला लावला, म्हणजे माल कमी होऊन भाव चढावा. भाव चढला, पण पैसे जमीनमालकाच्या हातात पडले आणि बटईने करणाऱ्या कित्येक कुटुंबांना, त्यात काळे खूप, जमीन सोडावी लागली. न्यू डीलवर उत्तर लिहिताना हे एक उदाहरण दहा योजनांच्या नावांपेक्षा जास्त काम करतं, आणि मला तरी न्यू डीलचं कौतुक करताना हे विसरणं बरोबर वाटत नाही.

दुसरं जवळून बघायचं ते बोनस आर्मी. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना 1924 च्या कायद्याने बोनस कबूल झाला, पण मिळणार 1945 ला. मंदीत घरदार गेलेले हे हजारो माजी सैनिक 1932 ला बायकापोरांसकट वॉशिंग्टनला येऊन झोपड्या टाकून बसले की आमचे पैसे आत्ता द्या. सिनेटने बिल पाडलं. 28 जुलैला जनरल मॅकआर्थरने घोडदळ, रणगाडे आणि अश्रुधूर घेऊन त्यांना हाकललं, वस्ती जळाली. ज्यांनी देशासाठी बंदूक उचलली त्यांच्यावरच देशाचे रणगाडे, हे वाचून आजही पोटात तुटतं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत राष्ट्राध्यक्ष हूवर हरले, रुझवेल्ट आले. आता बाण खाली न्या: 1944 चा जी. आय. बिल. दुसऱ्या महायुद्धातून परत येणाऱ्यांना शिक्षण, घरकर्ज आणि बेकारी भत्ता, तोही युद्ध संपायच्या आधीच ठरवून, कारण 1932 परत नको होतं. युद्ध, मंदी, परत युद्ध, तीन टप्पे एका बाणात.

मग विचारतात की मंदी न्यू डीलने संपली की युद्धाने. कागदावर दिसतं: 1937-38 ला परत घसरण, 1940 ला बेकारी अजून 14 टक्क्यांच्या वर, आणि 1944 ला दीडच्याही खाली. बँका सावरणं आणि 1935 ची सोशल सिक्युरिटी (म्हातारपणाची पेन्शन, बेकारी विमा) हे न्यू डीलचं, पण सगळ्यांना काम दिलं ते युद्धाच्या ऑर्डर्सनी. असं विभागून लिहा, एका बाजूला उडी मारू नका.

1945 नंतर पसारा वाढतो, तिथे एवढेच बाण पक्के करा. 1944 च्या ब्रेटन वुड्स परिषदेने डॉलर सोन्याला बांधला, व्हिएतनामच्या खर्चाने त्या डॉलरवर ताण आणला आणि 15 ऑगस्ट 1971 ला राष्ट्राध्यक्ष निक्सनने सोन्याची खिडकी बंद केली, म्हणजे डॉलरच्या बदल्यात सोनं देणं थांबवलं. 1973 च्या अरब-इस्रायल युद्धानंतर तेल काही महिन्यांत चौपट महाग झालं.

कागद भरला की उजवी बाजू वहीने झाका आणि फक्त डावीकडे बघून शेजारच्याला मोठ्याने सांगा, पुढच्या आठवड्यात उलटं. जिथे अडखळाल तिथला बाण खोडून परत वाचा, आणि त्याच दिवशी त्या बाणावर 150 शब्दांचं एक उत्तर लिहून टाका.