फेरीबोटीतून सर्व्हर: मोबाईलवर व्हीएनसी की टर्मिनल?

पावसात लाइट गेली की टॉवरही डळमळतो, आणि जयगड-तवसाळ फेरीबोटीवर रेंज येते-जाते. अशा वेळी दूरचा सर्व्हर चालवायला मोबाईलवर व्हीएनसी (सर्व्हरचा पडदा फोनवर दाखवणारं साधन) उघडून बसण्यात अर्थ नाही. पडद्याचं चित्र सतत खाली येत राहतं, टिचकी उशिरा लागते, आणि बोटाखालचं बटण दिसत नाही ते वेगळंच.

त्यापेक्षा टर्मिनल बरं, म्हणजे आज्ञा टाइप करून काम. अँड्रॉइडवर टर्मक्स या टर्मिनल ॲपमध्ये 'पीकेजी इन्स्टॉल ओपनएसएसएच मोश' एवढं पुरतं. साधं एसएसएच (दूरच्या सर्व्हरवर सुरक्षित लॉगिन करण्याची पद्धत) टीसीपीवर, म्हणजे दोन ठरलेल्या आयपी पत्त्यांमधल्या जोडणीवर चालतं. वायफाय सोडून मोबाईल डेटावर गेलात की आयपी बदलतो आणि सेशन गोठतं. मोश हा तशाच कामाचा प्रोग्राम यूडीपीवर, म्हणजे अशी कायमची जोडणी न लागणाऱ्या पद्धतीवर चालतं, आयपी बदलला तरी टिकतं. अडतं ते इथे: मोश सर्व्हरवरही बसवावं लागतं आणि फायरवॉलमध्ये यूडीपी ६०००० ते ६१००० खुले लागतात. लॉगिन एसएसएचच्या २२ पोर्टवरूनच होतं, त्यामुळे हे यूडीपी पोर्ट बंद असले तरी पासवर्ड घेतला जातो आणि मग 'नथिंग रिसीव्हड फ्रॉम सर्व्हर' येतं. पासवर्ड चुकला समजून लोक उगाच तो बदलत बसतात! सर्व्हरचं लोकेल (भाषा-अक्षरांची सेटिंग) यूटीएफ-८ नसेल तर मोश सुरूच होत नाही.

मोशमध्ये वर सरकवून जुना मजकूर दिसत नाही, म्हणून आत टीमक्स (सेशन सर्व्हरवरच चालू ठेवणारा प्रोग्राम) चालवा. फोनची बॅटरी संपली तरी सर्व्हरवर लावलेलं अपडेट चालू राहतं. परत आल्यावर 'टीमक्स अटॅच'. टर्मक्समध्ये कंट्रोल कीसाठी आवाज कमी करायचं बटण दाबून धरायचं.

ग्राफिकल प्रोग्राम लागलाच तर व्हीएनसीचा ५९०१ पोर्ट इंटरनेटवर उघडा ठेवू नका, एसएसएचच्या टनेलमधून, म्हणजे त्याच्या सुरक्षित जोडणीच्या आतून आणा. मोश पोर्ट फॉरवर्ड करत नाही, म्हणजे असा टनेल काढत नाही, तिथे साधं एसएसएचच हवं. व्हीएनसीत रंग ८ बिटवर आणा, म्हणजे डेटा कमी लागतो.